मुलांना घेऊन परदेशात जाताय? तिकिटाआधी लसीकरणाचं कार्ड उघडा

केडगाव, चौफुला, यवत, दौंड या पट्ट्यातली पोरं आता पुण्यातल्या आयटी कंपन्यांत आहेत, आखातात आहेत, अमेरिका-जर्मनीत आहेत. त्यामुळे "सुनेला आणि नातवंडांना तिकडे पाठवायचंय" हे वाक्य इथल्या घरांमध्ये नवीन राहिलेलं नाही. काही जण उन्हाळ्याच्या सुट्टीत दुबई, सिंगापूर, थायलंडची सहल करतात, काही जण आफ्रिकेतली सफारी करतात, तर काही कुटुंबं कायमचीच जातात.

तयारी ठरलेली असते. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकीट, मग बॅगेत लाडू-चिवडा. या सगळ्यात एक कागद कपाटातल्या फाइलमध्ये तसाच राहतो. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मिळालेलं ते लसीकरणाचं कार्ड. बऱ्याच घरांमध्ये ते थेट तेव्हाच शोधलं जातं, जेव्हा परदेशातली शाळा ईमेल करते की मुलाच्या लसींची नोंद पाठवा.

तेव्हा लक्षात येतं की सगळ्या लसी वेळेवर घेतल्या असूनही काही डोस तिकडे मोजलेच जात नाहीत. असं का होतं? नेमका कोणता देश काय मागतो? आणि निघण्याआधी आपण काय करायचं? हे सगळं एकेक करून बघू.

प्रश्न तीन ठिकाणी विचारला जातो

लसींचे नियम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर विमानतळ येतो. पण खरं तर लसींबद्दल तीन वेगवेगळ्या ठिकाणी विचारलं जातं आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिलं ठिकाण म्हणजे विमानतळ. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत प्रवाशाकडे लसीचा दाखला मागण्यासाठी नाव घेऊन नमूद केलेला आजार एकच आहे, तो म्हणजे पीतज्वर, ज्याला आपण यलो फीव्हर म्हणतो. गोवर, पोलिओ, कावीळ यांच्या लसी घेतल्यात का, हे सहलीला निघालेल्या भारतीय मुलाला बहुतेक देशांच्या विमानतळावर कुणी विचारत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे व्हिसा. पर्यटक व्हिसासाठी मुलांच्या लसी सहसा बघत नाहीत. पण कायमचं स्थायिक व्हायचं असेल तर बघतात. अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी १९९६ च्या कायद्यापासून वयाप्रमाणे लसी घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि ती तपासणी दूतावासाने नेमून दिलेले डॉक्टरच करतात. सिंगापूरने १ फेब्रुवारी २०१९ पासून नियम केला की परदेशात जन्मलेल्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला दीर्घ मुदतीचा पास हवा असेल तर घटसर्प आणि गोवर या दोन लसींचा पुरावा लागेल.

तिसरं ठिकाण म्हणजे शाळा आणि पाळणाघर. सगळ्यात जास्त कुटुंबं अडकतात ती इथे. कारण इथे नुसतं "लस घेतली का" एवढंच विचारत नाहीत. कोणत्या तारखेला घेतली, तेव्हा मुलाचं वय किती होतं, दोन डोसांमध्ये किती दिवसांचं अंतर होतं, हे मोजून बघतात.

पीतज्वर: जाताना विचारत नाहीत, परत येताना अडवतात

समजा, केडगावचं एक कुटुंब दोन मुलांना घेऊन केनियाला सफारीसाठी निघालंय. भारतात पीतज्वर नाही, त्यामुळे भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे केनिया हा दाखला मागत नाही. साहजिकच लोकांना वाटतं, लसीची गरज नाही.

गोम इथेच आहे. दाखला मागणारा देश केनिया नाही, तो भारत आहे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघून ६ दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या ९ महिने किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक प्रवाशाकडे हा दाखला लागतो. नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवतात आणि ते ६ दिवसांपर्यंत चालू शकतं. लहान मूल सोबत असेल तर हे ६ दिवस कसे जातील, ते वेगळं सांगायला नको.

भारत एवढा कडक का? कारण पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंगी पसरवतो तोच हा डास. डास इथे आहे, विषाणू इथे नाही. एका आजारी प्रवाशाबरोबर विषाणू आला तर काय होईल, ही ती भीती आहे.

या लसीबद्दल लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा:

– केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, ब्राझील, पेरू हे धोका असलेल्या देशांपैकी काही. यातले युगांडा आणि घाना तर आपल्या देशात येणाऱ्या सगळ्यांकडूनच दाखला मागतात.

– अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलणार असाल तरी प्रश्न येऊ शकतो. फक्त विमानतळाच्या आतच थांबलात आणि आरोग्य अधिकाऱ्याचं समाधान झालं तर सूट मिळते. विमानतळाबाहेर पडून मुक्काम केला तर मात्र ही सूट धरून चालू नका.

– लस घेतल्यानंतर दाखला १० व्या दिवसापासून लागू होतो. म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

– ११ जुलै २०१६ पासून हा दाखला आयुष्यभरासाठी चालतो. पूर्वी १० वर्षांनी लस परत घ्यावी लागायची. जुन्या दाखल्यावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी तो आता बाद होत नाही.

– ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. केडगावकरांना जवळचं ठिकाण म्हणजे पुण्यात ससून रुग्णालयाशी जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय. ही लस रोज देत नाहीत, दिवस ठरलेले असतात. म्हणून आधी चौकशी करून, वेळ घेऊनच जा. मुलाचा मूळ पासपोर्ट सोबत न्या, कारण दाखल्यावर पासपोर्टचा नंबर येतो.

– ९ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. बाळ फारच लहान असेल तर अशा देशातली सहल पुढे ढकलणं हाच शहाणपणा.

सहलीला कागद लागत नाही, पण लस लागते

दुबई, थायलंड, श्रीलंका अशा आठ-दहा दिवसांच्या सहलीत मुलांच्या नेहमीच्या लसींचा कागद कुणी बघत नाही. म्हणून लसीकडे दुर्लक्ष करायचं का? नाही. इथे कायद्यापेक्षा आजार महत्त्वाचा.

सगळ्यात मोठी काळजी गोवराची. गोवर हवेतून पसरतो आणि विमानतळ, बस, हॉटेल अशा गर्दीत सहज गाठतो. २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या भागात गोवराची मोठी साथ आली आणि त्यात लहान मुलं दगावली. गोवर हा फक्त गरीब देशांचा आजार आहे असंही नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात साथ आली, त्यात लस न घेतलेली दोन मुलं गेली. कॅनडाने तर त्याच वर्षी गोवरमुक्त देश हा दर्जा गमावला.

आपल्याकडे सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची म्हणजे एमआर लस ९ ते १२ महिन्यांत आणि मग १६ ते २४ महिन्यांत देतात. बाळ ६ ते ११ महिन्यांचं असेल आणि परदेशी जायचं असेल तर एक डोस लवकर द्यावा, असा सल्ला अनेक देशांतले डॉक्टर देतात. पण हा डोस जादाचा असतो. पुढचे ठरलेले दोन डोस घ्यावेच लागतात. याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी निघण्याच्या महिनाभर आधी बोला.

याशिवाय विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए या दोन लसी आपल्या मोफत सरकारी वेळापत्रकात नाहीत, खासगीत मिळतात. बाहेरच्या खाण्यापिण्यातून होणारे हे आजार आहेत. प्रवासात ते झाले तर परदेशातल्या दवाखान्याचं बिल सहलीपेक्षा मोठं होऊ शकतं.

उमराह किंवा हजला मुलांना नेणाऱ्यांसाठी मात्र नियम वेगळा आहे. सौदी अरेबिया १ वर्ष आणि त्याहून मोठ्या सगळ्यांकडून मेंदूज्वराची चार प्रकारांवर चालणारी लस मागतो आणि ती पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. बाकी मागण्या दर हंगामात जाहीर होतात, त्या त्याच वर्षीच्या बघा.

शाळेत नाव घालायचं असेल तर

कुटुंब राहायला जाणार असेल तर खरा अभ्यास इथे करावा लागतो.

जर्मनी: १ मार्च २०२० पासून गोवर संरक्षण कायदा लागू आहे. पाळणाघर आणि शाळेसाठी १ वर्षाच्या मुलाला गोवराचा किमान एक डोस आणि २ वर्षांपासून पुढे दोन डोस झाल्याचा पुरावा लागतो. नियम मोडला तर पालकांना २,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

फ्रान्स: १ जानेवारी २०१८ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना ११ आजारांच्या लसी सक्तीच्या झाल्या.

ऑस्ट्रेलिया: लस घेतली नाही तर सरकारकडून मिळणारा कुटुंबभत्ता कमी आणि पाळणाघराची सवलत बंद, असा नियम आहे. काही राज्यांत पाळणाघरात प्रवेशच मिळत नाही. इथल्या लसी तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत तिथल्या डॉक्टरकडून चढवून घ्याव्या लागतात.

कॅनडा: ओंटारियो प्रांतात शाळेतल्या मुलांची नोंद आरोग्य खात्याकडे द्यावी लागते. त्यात घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, गोवर, गालगुंड, रुबेला, मेंदूज्वर आणि २०१० पासून जन्मलेल्यांना कांजिण्या येतात.

ब्रिटन: शाळेसाठी लसीची सक्ती नाही. पण भारतातून ६ महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्यांना व्हिसाआधी क्षयरोगाची तपासणी लागते. ११ वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, तरी नेमलेल्या केंद्रात त्यांना डॉक्टरांना दाखवावं लागतं.

अमेरिका: देशभर एक नियम नाही. शाळेचा नियम राज्य ठरवतं. २०२५ पासून तिथे केंद्र पातळीवरच्या शिफारशींमध्येही बदल होत आहेत. म्हणून कुणा नातेवाइकाने चार वर्षांपूर्वी काय केलं, यावर जाऊ नका. ज्या शाळेत नाव घालायचं, तिथलीच यादी मागवा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात २०१६ पासून "आमच्या मताप्रमाणे लस नको" हे कारण चालत नाही.

आपलं कार्ड तिकडे कसं मोजतात?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. समजा, मुलाला केडगावात सरकारी वेळापत्रकाप्रमाणे एकही लस न चुकवता मिळाली आहे. आशाताईंनी घरी येऊन आठवण केली, आईने प्रत्येक तारीख पाळली. तरीही अमेरिकेतली शाळेची परिचारिका ते कार्ड हातात घेऊन चार ठिकाणी खूण करते. का, ते बघा.

१. गोवर-रुबेलाचा पहिला डोस. तिकडे पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर दिलेलाच डोस मोजतात. फार तर ४ दिवसांची सवलत असते. आपल्याकडे तो ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्यामुळे तो धरला जात नाही. आपली पद्धत चुकीची आहे असं नाही. जिथे गोवर जास्त फिरतो तिथे बाळाला लवकर संरक्षण द्यावं लागतं. जिथे गोवर कमी, तिथे थोडं थांबलं तर लस जास्त चांगली लागू पडते. दोन्ही बरोबर आहेत, फक्त हिशोब जुळत नाही.

२. गालगुंड. आपल्या सरकारी लसीत गोवर आणि रुबेला हे दोनच आहेत. तिकडे गालगुंडासह तिन्हींची एमएमआर लस लागते. म्हणजे दोन्ही एमआर घेतलेल्या मुलाचा गालगुंडाचा हिशोब शून्य असतो. अशा मुलाला एमएमआरचे दोन डोस कमीत कमी २८ दिवसांच्या अंतराने घ्यावे लागतात. खासगी दवाखान्यात लसी घेतल्या असतील तर कार्डावर एमआर लिहिलंय की एमएमआर, ते आधी बघा.

३. हिपॅटायटिस बी. आपल्याकडे जन्मतः एक आणि मग पेंटाव्हॅलंटमधून ६, १०, १४ आठवड्यांना असे डोस होतात. अमेरिकेच्या हिशोबात शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं झाल्यानंतरचा असावा लागतो. १४ व्या आठवड्याचा डोस त्यात बसत नाही, म्हणून एक डोस वाढतो.

४. पोलिओ. भारताने २५ एप्रिल २०१६ ला तोंडावाटे द्यायची तीन प्रकारांची पोलिओ लस बदलून दोन प्रकारांची आणली. अमेरिकेत १ एप्रिल २०१६ पासून पुढे घेतलेले तोंडी डोस मोजत नाहीत. म्हणजे पल्स पोलिओच्या रविवारी घेतलेले दोन थेंब मुलाच्या कामाचे असले तरी तिकडच्या फॉर्मात बसत नाहीत. तिथे इंजेक्शनच्या पोलिओ लसीची नोंद बघतात आणि एक डोस ४ वर्षांनंतरचा असावा लागतो.

याशिवाय कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, पण अमेरिकेतल्या शाळांमध्ये साधारणपणे दोन डोस लागतात. १३ वर्षांखालच्या मुलांना या दोन डोसांत ३ महिन्यांचं अंतर ठेवतात. मुलाला कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तसं डॉक्टरांकडून लिहून घ्या, अनेक ठिकाणी ते चालतं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. पेंटाव्हॅलंटचे तीन डोस, दीड-दोन वर्षांचा डीपीटी बूस्टर आणि ५ ते ६ वर्षांचा दुसरा बूस्टर हे सगळं झालं असेल तर घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताचे पाच डोस पूर्ण होतात आणि ते सहसा मान्य होतात. पाच वर्षांचा बूस्टर बरेच पालक विसरतात, तेवढा तपासा.

मूल थोडं मोठं असेल तर आणखी एक कागद शोधा. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून लस दिली आणि छोटं प्रमाणपत्र दिलं होतं. तेव्हा मूल वर्षाच्या वरचं असेल तर तो डोस गोवर आणि रुबेलासाठी उपयोगी पडू शकतो. अनेकांनी तो कागद शाळेच्या दप्तरातच हरवला.

बीसीजीची खूण आणि क्षयरोगाची चाचणी

आपल्या मुलांच्या डाव्या दंडावर बीसीजीची खूण असते. अमेरिकेत ही लस सर्रास देत नाहीत. तिथल्या शाळेने किंवा डॉक्टरने क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी केली तर बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह दिसू शकते. घाबरायचं कारण नाही. बीसीजीचा परिणाम होत नाही अशी रक्ताची चाचणी मिळते, ती करायला सांगा. बीसीजीची तारीख कार्डावर असेल तर बोलणं सोपं जातं.

लस बरोबर, कागद चुकलेला

बऱ्याचदा मूल लसीत कमी पडत नाही, नोंदीत कमी पडतं. आपल्याकडच्या कार्डांमध्ये नेहमी सापडणाऱ्या अडचणी या:

नाव. जन्माच्या वेळी बारसं झालेलं नसतं. त्यामुळे कार्डावर आईचं नाव आणि पुढे नुसतं "बाळ" असतं. पासपोर्टवर पूर्ण नाव. परदेशातल्या माणसाला हे दोघं एकच आहेत हे कळायला मार्ग नाही. आरोग्य केंद्रात जाऊन कार्डावर मुलाचं नाव आणि जन्मतारीख लिहून शिक्का घ्या.

दोन गावं, दोन कार्डं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जन्माचे डोस माहेरच्या दवाखान्यात, पुढचे सासरी आणि मधले पुण्यात खासगीत. तिन्हींच्या नोंदी वेगळ्या. त्या एका कागदावर आणा.

तारीख. ०५/०६/२०२३ म्हणजे आपल्यासाठी ५ जून. अमेरिकेत तेच ६ मे वाचतात. एका महिन्याच्या फरकाने डोस "लवकर घेतला" म्हणून बाद होऊ शकतो. महिना नेहमी अक्षरात लिहून घ्या.

भाषा आणि लसीचं नाव. मराठी कार्ड तिकडे कुणी वाचत नाही आणि नुसतं "पेंटा १" किंवा कंपनीचं नाव लिहिलं तर आत कोणत्या लसी होत्या हे कळत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून त्यांच्या छापील पत्रावर इंग्रजीत यादी करून घ्या. त्यात मुलाचं पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, प्रत्येक लसीत असलेले आजार, पूर्ण तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असावा.

यू-विन. केंद्र सरकारच्या यू-विन पोर्टलवर मुलाची नोंद झाली असेल तर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र मिळतं. नोंद झाली आहे का, हे आशाताई किंवा आरोग्यसेविकेला विचारा. पण ते मिळालं म्हणून जुनं कार्ड टाकून देऊ नका.

कार्ड हरवलं तर? लस दिली तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असू शकते, तिथे आधी जा. तेही नसेल तर काही आजारांसाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासून पुरावा देता येतो किंवा डोस परत घेता येतात. बहुतेक लसींचा एखादा जादा डोस त्रासदायक ठरत नाही, पण निर्णय डॉक्टरांचा असू द्या.

किती आधी तयारी करायची?

सहा महिने आधी: राहायला जाणार असाल तर शाळेची यादी मागवा आणि कार्डाशी ताडून बघा. हिपॅटायटिस ए चे दोन डोस घ्यायचे तर त्यांत ६ महिन्यांचं अंतर लागतं.

तीन-चार महिने आधी: कांजिण्यांचा पहिला डोस, राहिलेले बूस्टर, एमएमआरचा पहिला डोस.

दोन महिने आधी: एमएमआरचा दुसरा डोस. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेला जाणार असाल तर पीतज्वराच्या केंद्रात वेळ घ्या. एमएमआर, कांजिण्या, पीतज्वर या जिवंत लसी आहेत. इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी तरी देतात, नाहीतर मध्ये किमान ४ आठवडे जाऊ देतात. अधलंमधलं अंतर पडलं तर नंतरची लस मोजत नाहीत. म्हणून कोणती कधी घ्यायची, हे आधीच ठरवून घ्या.

एक महिना आधी: डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, सगळ्या कागदांचे फोटो, दोन झेरॉक्स. मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग विमानात मागे राहिली तर कागदही मागे राहतात.

आणि तिकडची नातवंडं गावी आली तर?

मे-जूनमध्ये किंवा दिवाळीत परदेशातली मुलं केडगावला येतात. विहिरीवर जातात, उसाच्या रसवंतीवर थांबतात, गल्लीतल्या कुत्र्यांशी खेळतात. त्यांनी घेतलेल्या लसी तिकडच्या गरजेनुसार असतात. त्यांच्या आईबाबांना येण्याच्या महिना-दीड महिना आधी तिकडच्या डॉक्टरांना भेटायला सांगा. विषमज्वर, हिपॅटायटिस ए, वर्षाच्या आतल्या बाळाला गोवराचा जादा डोस आणि जास्त दिवस राहणार असतील तर रेबीजची लस, या चार गोष्टी विचारायच्या.

कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "परत गेल्यावर बघू" असं अजिबात चालणार नाही. इथे घेतलेल्या प्रत्येक इंजेक्शनचा तारखेसह कागद मुलासोबत परत पाठवा.

हे नियम आले कुठून?

प्रवास आणि साथ यांचं नातं केडगावने फार जवळून पाहिलंय.

भारतात पहिली लस घेणारी व्यक्ती एक लहान मूलच होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस दिली. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत दोन वर्षांची मनोरमा होती. त्या काळी मुलांना सर्रास दिली जाणारी लस एकच, देवीची.

मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोहोचला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. त्याच वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. रमाबाई तेव्हा दुष्काळातल्या मुलींना घेऊन येत होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात आणखी मुली ठेवणं अवघड झालं आणि त्यांनी मुलींना केडगावच्या जमिनीवर हलवलं. आजचं मुक्ती मिशन तिथेच उभं राहिलं. म्हणजे साथीच्या नियमांनी मुलांचा प्रवास अडतो, वळतो, हे या गावाच्या इतिहासातच आहे.

पुढे अनेक दशकं परदेशी जाणाऱ्यांना देवीच्या लसीचा दाखला जवळ बाळगावा लागायचा. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी संपल्याची घोषणा केली आणि तो दाखला इतिहासजमा झाला. पोलिओचंही तसंच. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला. २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लोकांनी लस घेतली म्हणून नियम कमी होत गेले.

थोडक्यात सांगायचं तर

सहलीला जाताय तर देश बघा: पीतज्वराच्या यादीत आहे का, विमान कुठे बदलतंय, गोवराचे दोन डोस झालेत का. राहायला जाताय तर शाळा बघा: तिची यादी मागवा आणि आपल्या कार्डावरची प्रत्येक तारीख त्याच्याशी जुळवा. नियम बदलत राहतात, म्हणून शेवटची खात्री त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा शाळेच्या संकेतस्थळावरूनच करा आणि कोणती लस द्यायची हे मुलाच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि पहिलं काम आजच करता येण्यासारखं आहे. कपाटातलं कार्ड काढा, मोबाइलवर त्याचा स्पष्ट फोटो घ्या आणि घरातल्या ग्रुपवर टाकून ठेवा. परदेशी जायचं अजून ठरलं नसेल तरी.